गाडीचा गिअरदांडा मोडला असता

मोटारगाडीच्या मालकावर जे प्रसंग अवचित ओढवतात, त्यांत गिअरचा दांडा मुठीसकट हाती येणे हा प्रसंग दिसायला जितका भयंकर, तितका वस्तुतः नसतो. कारण इंजिन शाबूत असते, गिअरबॉक्स शाबूत असतो, चाके जागच्या जागी असतात, आणि मोडलेली असते ती केवळ हाताचा हुकूम गिअरबॉक्सपर्यंत पोहोचविणारी वीतभर लांबीची एक वस्तू. कुदळीचा दांडा मोडला म्हणून कुदळ कोणी टाकून देत नाही. परंतु मोटारीच्या बाबतीत हे शहाणपण सुचत नाही, कारण मोटारीविषयी आपल्या मनात एक प्रकारचा धाक असतो आणि त्या धाकाचा रास्त व गैररास्त असा दोन्ही परींचा फायदा घेणारे लोकही जगात असतात. अख्खा संच मागवावा लागेल, तो यायला आठवडा लागेल, तोवर गाडी येथेच राहू द्या, हे ऐकून मुकाट्याने मान डोलावण्यापूर्वी मोडतोड नेमकी कोठे व कशी झाली आहे याची रुजुवात मालकाने स्वतः करून घ्यावी, आणि घरच्या घरी, अल्प खर्चात, परंतु निर्धोकपणे जे करता येण्यासारखे असेल ते करावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत असली यांत्रिक मोडतोड भरून मिळत नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो, म्हणजे त्या आशेवर कोणी राहणार नाही.

वराळे, आंबी, इंदोरी, नवलाख उंबरे या आमच्या मावळातल्या गावांना या विषयाची निकड अंमळ अधिकच आहे. वराळ्यापासून हाकेच्या अंतरावर, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि शेवरोले या नावाने स्पार्क, बीट अशा लहान गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. पुढे २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली, २०२० च्या डिसेंबरात कारखान्यातील उत्पादनही बंद झाले, आणि २०२३ साली झालेल्या करारान्वये ती सारी वास्तू ह्युंदाई कंपनीकडे गेली. गाड्या मात्र लोकांच्या दारांत होत्या त्या दारांतच राहिल्या. ज्या गाडीचा जन्म आपल्या शिवारालगत झाला, तिच्या एका दांड्यासाठी पुण्याच्या नाना पेठेतील दुकाने पालथी घालावी लागावीत, हा उद्योगधंद्याच्या इतिहासातला एक विपर्यास म्हणावा लागेल. पण विपर्यासावर चिंतन करून गाडी चालत नाही. मारुती ८०० ची अवस्था याहून बरी आहे, कारण १९८३ पासून २०१४ पर्यंत ती इतक्या मोठ्या संख्येने निघाली की तिचे सुटे भाग आजही गावोगाव मिळतात. ज्यांची गाडी पहिल्या वर्गात मोडते त्यांनी हा लेख अधिक लक्षपूर्वक वाचावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी रचना ध्यानी घेतली पाहिजे. दोन आसनांमध्ये दिसणारा दांडा हा जमिनीखालच्या भागाचा केवळ शेंडा होय. रबरी किंवा रेक्झिनच्या झालरीखाली, जिला मेकॅनिक ‘बूट’ म्हणतात, दांड्याच्या बुडाशी एक गोळा असतो, तो गोळा नायलॉनच्या वाटीत बसलेला असतो, आणि ती वाटी धरून ठेवणारी प्लास्टिकची किंवा पत्र्याची बैठक गाडीच्या तळाला चार बोल्टांनी आवळलेली असते. मूठ पुढे ढकलली की गोळ्याखालचे टोक मागे जाते. या टोकाच्या हालचाली गिअरबॉक्सपर्यंत नेण्याचे काम अलीकडच्या बहुतेक गाड्यांत दोन केबली करतात, एक डाव्याउजव्या निवडीची आणि दुसरी पुढेमागे सरकविण्याची. मारुती ८०० मध्ये मात्र केबलींऐवजी गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी सळ्या हेच काम बजावतात. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या ज्या पद्मिनीने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, तिच्यात हा दांडा तळावर नसून सुकाणूच्या खांबालाच जोडलेला असे, आणि त्याच्या सांध्यांची झीज होऊन गिअर अडकू लागला की बोनेट उघडून हाताने सोडविणे हा चालकाच्या नित्यकर्माचा भाग होता. दांडा कोठलाही असो, हालचाल नेणाऱ्या या साखळीतील कोणता दुवा तुटला हेच आपल्याला शोधायचे आहे.

शोधण्याची रीत सोपी आहे. दांडाच मधून मोडून हातात आला असेल तर प्रश्नच मिटला. परंतु दांडा अखंड असून तो मोकळा, कसलाही प्रतिकार न जाणवता, वळवावा तसा वळत असेल, तर दांड्याच्या बुडाशी किंवा गिअरबॉक्सजवळ केबल निसटली आहे असे समजावे. याउलट इंजिन बंद असताना सारे गिअर नीट पडतात आणि इंजिन चालू केल्यावर एकही पडत नाही किंवा खरखरून पडतो, अशी अवस्था असेल, तर दोष दांड्याचा नसून क्लचचा आहे, आणि तेव्हा हा लेख मिटून ठेवून क्लचच्या मागे लागावे. चौथी परीक्षा अशी, की घरातल्या कोणा माणसास आसनावर बसवून, इंजिन बंद ठेवून, दांडा हलवावयास सांगावे आणि आपण बोनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या लहानशा लोखंडी हातांकडे पाहावे. दांडा हलतो पण ते हात हलत नाहीत, तर दोष मधल्या मार्गात. हात हलतात तरी गिअर पडत नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या आत, आणि तेथे घरगुती विद्या चालत नाही.

प्रसंग जर रस्त्यातच ओढवला, तर प्रथम गाडी बाजूला घेऊन धोक्याचे दिवे लावावे आणि मंडळींना कठड्यापलीकडे उभे करावे. द्रुतगती मार्गावर तर दुरुस्तीचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तेथील वाहनांच्या वेगापुढे कडेला वाकलेल्या माणसाची गणती होत नाही. गावाजवळच्या सपाट रस्त्यावर असल्यास उरलेल्या खुंटाला व्हाइसग्रिप पक्कड घट्ट आवळून तिचाच दांडा करता येतो. खुंट मुळीच उरला नसेल तर इंजिन बंद करून, बोनेट उघडून, गिअरबॉक्सवरचा हात सरकवून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालावी, बोनेट लावून पुन्हा आसनावर बसावे, क्लच दाबून इंजिन चालू करावे आणि त्या एकाच गिअरवर, कडेकडेने, सावकाश घर गाठावे. क्लचला थोडा त्रास होतो, पण दोन-तीन किलोमीटरचा तो त्रास क्लच सोसतो. ही सवलत घाटाला मात्र लागू नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, त्यानंतर रस्ता रुंद झाला, वळणे कमी झाली, पण डोंगराचा उतार कोणाला कमी करता आलेला नाही. उतारावर गाडी आवरते ती ब्रेकइतकीच लहान गिअरनेही, आणि ज्या गाडीचा गिअर हुकमी बदलता येत नाही ती खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरविणे हे साहस नसून अविचार होय. अशा वेळी गाडी ओढून नेण्याचे पैसे खर्चावेत आणि त्याबद्दल हळहळू नये.

आता घरच्या दुरुस्तीकडे वळू. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि तेवढ्यावर विसंबून न राहता चाकांच्या मागेपुढे दगड लावावेत, कारण काम करताना गाडी न्यूट्रलमध्ये असणार आहे. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवून दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. या स्वस्थपणाचे कारण अनेकांना ठाऊक नसते: ज्या गाड्यांत एअरबॅग असतात, त्यांपैकी बहुतेकांत त्यांचे नियंत्रण करणारी पेटी नेमकी गिअरदांड्याच्या परिसरातच, मधल्या उंचवट्यावर बसविलेली असते, तार सोडविल्यानंतरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते, आणि तेथे हातोडी चालविणे किंवा दिसेल ती पिवळी जोडतार उपसणे हे महागात पडू शकते. त्या पेटीला स्पर्शही करू नये.

मूठ बहुधा डावीकडे फिरवून निघते. काहींमध्ये ती केवळ दाबून बसविलेली असते व वर ओढल्यावर सुटते, तर ज्यांत रिव्हर्ससाठी कडे वर उचलावे लागते त्यांत त्या कड्याची बारीक तार आतून सोडवावी लागते, तेव्हा जोर करण्यापूर्वी पाहून घ्यावे. झालरीची चौकट चिमट्यांवर बसलेली असते. ती पेचकसाने उचकटल्यास प्लास्टिकवर कायमचे व्रण उठतात, म्हणून बांबूची चपटी कांब किंवा फडके गुंडाळलेली पातळ पट्टी वापरावी. मधल्या पेटीचे स्क्रू पेला ठेवण्याच्या खळग्यातील रबराखाली, राखपात्रामागे, अशा आडजागी दडवून ठेवण्यात कारखानदारांना काय आनंद होतो कोण जाणे. पण पेटी निघत नसेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असेच समजावे, हिसका देऊ नये. प्रत्येक पायरीचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे आणि निघालेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. जोडणीच्या वेळी याचे मोल कळते.

मधून मोडलेला भरीव पोलादी दांडा जोडणे ही सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत समाधानकारक दुरुस्ती होय, म्हणून तिचा तपशील विस्ताराने देतो. येथे एक तत्त्व पक्के लक्षात ठेवावे की चिकटविण्याचा कोणताही पदार्थ, मग तो अ‍ॅराल्डाइट असो, एम-सील असो वा त्याहून महाग विलायती लुकण असो, गिअरदांड्याचा भार एकट्याने पेलू शकत नाही; मुठीवर दिलेला धक्का लहान असला तरी दांड्याच्या लांबीमुळे मोडाच्या ठिकाणी तो कितीतरी पटींनी वाढतो, आणि तो रोज शेकडो वेळा बसतो. भार धातूने धातूवर टाकावा आणि लुकणाकडे केवळ फटी भरण्याचे व ढिलाई मारण्याचे काम सोपवावे. म्हणून मोडलेल्या दोन्ही तुकड्यांवर बाहेरून पोलादी नळी चढवायची आणि ती दोन्ही बाजूंस आरपार बोल्टने जखडायची.

नळीचा आतला व्यास दांड्याहून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक मोठा नसावा आणि तिची भिंत निदान दोन मिलिमीटर जाड असावी. घरातील विजेच्या तारा ज्या पातळ नळीतून नेतात ती येथे कुचकामी. लांबी ठरविण्याचा साधा हिशेब असा, की मोडाच्या प्रत्येक बाजूस दांड्याच्या जाडीच्या तिप्पट नळी आली पाहिजे, म्हणजे बारा मिलिमीटर दांड्याला एकंदर सत्तर ते ऐंशी मिलिमीटरांचा तुकडा. तळेगाव स्टेशनच्या बाजूस किंवा चाकण रस्त्याला फाटके आणि जाळ्या बनविणाऱ्या कोणत्याही दुकानात असले तुकडे भंगारात पडलेले असतात, आणि तुटका दांडा हाती धरून गेल्यास दुकानदार स्वतःच मापाचा तुकडा शोधून देतो. नळी, दोन बोल्ट, त्यांचे नट आणि लुकण मिळून खर्च सहसा दोन-तीनशे रुपयांपलीकडे जाऊ नये.

मोडलेली तोंडे कानशीने सपाट करण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. ती खडबडीत तोंडे एकमेकांत अचूक बसतात आणि त्यामुळे दांड्याची मूळ लांबी व मूळ बाक दोन्ही आपोआप साधतात. बाहेरची उलटलेली किनार तेवढी घासून टाकावी. दांडे बहुधा सरळ नसून चालकाच्या बाजूस किंचित वळविलेले असतात, आणि जोडताना तो बाक थोडा जरी फिरला तरी पहिला गिअर टाकताना मूठ समोरच्या फळीवर आपटते. म्हणून दोन्ही तुकडे जुळवून धरून मोडावरून वर-खाली एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने किंवा अणकुचीदार खिळ्याने ओढून ठेवावी, आणि नळी चढल्यावरही ती दोन्ही टोकांना दिसेल इतकी लांब ठेवावी.

यानंतर दांडा व नळीचा आतील भाग वाळूकागदाने लख्ख घासून, ग्रीसचा अंश राहणार नाही असा पेट्रोलच्या बोळ्याने पुसून घ्यावा. हे काम उघड्यावर करावे आणि विडी-सिगारेट दूर ठेवावी. मग छिद्रे पाडायची. दांड्याच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून छिद्र मोठे नको, म्हणजे बारा मिलिमीटर दांड्याला चार मिलिमीटर पुरे. आणि ते मोडापासून निदान पंधरा मिलिमीटर दूर असावे. छिद्राची दिशाही महत्त्वाची आहे. दांड्यावर मुख्य ताण पुढेमागे येतो, म्हणून छिद्र गाडीच्या डावीकडून उजवीकडे असे आडवे पाडावे, म्हणजे जेथे ताण सर्वाधिक त्या पुढच्या व मागच्या कडा अखंड राहतात. हेच छिद्र समोरून मागे पाडले तर आपण होऊन दांडा दुबळा केल्यासारखे होते. प्रथम पंचाने खूण, मग बारीक बिट, मग पूर्ण मापाचे बिट, हळू गतीने आणि तेलाचा थेंब सोडीत, असा क्रम ठेवल्यास बिट घसरत नाही व मोडतही नाही. लुकणाचे दोन्ही भाग समप्रमाणात कालवून दांड्याला माखावे, नळी फिरवीत फिरवीत चढवावी, रेघ जुळवावी, ८.८ अशी खूण असलेले कणखर बोल्ट घालून आतून नायलॉनचे कडे असलेले, आपोआप सैल न होणारे नट आवळावेत, बाहेर आलेले लुकण पुसून घ्यावे आणि दांडा रात्रभर, पावसाळ्यात पुरते चोवीस तास, हलवू नये.

दांडा अंगानेच पोलादी असेल, त्यावर नायलॉन मुळीच ओतलेले नसेल, आणि तो गाडीतून पूर्णपणे बाहेर काढता येत असेल, तर वेल्डिंग करून घेणे हा याहूनही टिकाऊ इलाज आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी मोडाच्या दोन्ही तोंडांना चहूबाजूंनी उतार द्यावा, म्हणजे वितळलेला धातू गाभ्यापर्यंत उतरतो. नुसता वरून फिरविलेला टाका लवकर सुटतो. जोड लाल असताना पाण्यात बुडविण्याची काही कारागिरांना सवय असते, ती करू देऊ नये. त्याने पोलाद ठिसूळ होते. आणि गाडीतच बसलेल्या दांड्यावर वेल्डिंग करू द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद: आसनांचे कापड, खालचे नायलॉन, गाडीतील इलेक्ट्रॉनिक पेट्या आणि तळाखालून गेलेल्या इंधनाच्या नळ्या यांपैकी कशावर ठिणगी पडेल याचा नेम नाही.

नुसती मूठच गरगर फिरत असेल, म्हणजे तिच्यातले आटे गेले असतील, तर काम तासाभराचे आहे. दांड्याच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, मुठीचे भोक लुकणाने अर्धे भरावे, ती दांड्यावर योग्य दिशेने बसवावी आणि लुकण घट्ट होऊ द्यावे. ग्रीसमुळे ते दांड्याला चिकटत नाही आणि मुठीत नवे आटे उमटतात. आटे दांड्याचेच गेले असतील तर त्याच मापाच्या डायने थोडे खाली नवे आटे पाडून घ्यावेत. त्याने दांडा सेंटिमीटरभर आखूड होतो, इतकेच.

बुडाकडची मोडतोड अधिक कटकटीची. नायलॉनची वाटी फुटली की दांडा जागेवर राहत नाही, आणि नायलॉन हा असा आडमुठा पदार्थ आहे की त्याला कोणतेही लुकण मनापासून धरत नाही. येथे सांधण्याच्या भानगडीत न पडता वाटी नवी घ्यावी. ती सुटी मिळत नसेल तर जुन्या वाटीचे तुकडे जुळवून लेथवाल्याकडे न्यावेत, तो नायलॉनच्या गजातून तशीच कातून देतो, आणि मावळात पसरलेल्या कारखान्यांच्या आश्रयाने असे कारागीर येथे कमी नाहीत. बैठकीचा एखादा कान तुटला असेल तर दोन-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आकार देऊन खालीवर रुंद वॉशर घालून आवळता येते. मात्र गाडीच्या तळाला नवे भोक पाडण्यापूर्वी खालून डोकावून पाहिलेच पाहिजे, कारण पलीकडे हँडब्रेकची केबल, धुराडे, क्वचित ब्रेकच्या तेलाची नळीही असते. खाली शिरायचे तर गाडी केवळ जॅकवर ठेवून शिरू नये. जॅक हा चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर माणसाने अंग टाकायचे नसते. भक्कम स्टँड लावावेत, नाहीतर खड्डा असलेल्या गॅरेजात पंधरा मिनिटांची मुभा मागून घ्यावी.

केबलीच्या टोकाशी असलेला पांढरा किंवा काळा प्लास्टिकचा बुश झिजून, तडकून पडणे आणि केबल आपल्या खुंटीवरून निसटणे, हा प्रकार दांडा मोडण्याहून कितीतरी अधिक वेळा घडतो, आणि पुष्कळदा ‘गिअर लिव्हर गेली’ म्हणून जे सांगितले जाते ते एवढेच असते. मावळचा पाऊस याला हातभार लावतो. भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांचा चिखल बोनेटखाली उडतो, सांध्यांत वाळतो, आणि कानशीसारखा घासत राहतो. नवा बुश लहान वस्तू आहे. तो मिळेपर्यंत निसटलेले टोक खुंटीवर बसवून वरून बारीक तारेने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवता येते, पण ही तजवीज गावातल्या गावात फिरण्यापुरती. केबल स्वतःच उसवली असेल, तिचे धागे बाहेर आले असतील, तर ती जोडण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. केबल बदलावीच लागते. नवा बुश बसविताना साध्या ग्रीसऐवजी पांढरे लिथियम ग्रीस वापरावे आणि रबरी बुशांना मात्र खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

सर्व जोडून झाल्यावर घाईने किल्ली फिरवू नये. प्रथम झालर न चढविताच, इंजिन बंद ठेवून, सारे गिअर व रिव्हर्स क्रमाने घालून पाहावेत आणि नळीचा फुगीर भाग किंवा बोल्टचे डोके पेटीच्या कडेला कोठे अडते काय हे न्याहाळावे. अडत असेल तर बोल्ट कापून आखूड करावा, पेटी कोरू नये. मग नेहमी लावतो त्याच्या दुप्पट जोराने दांडा चारही दिशांना ओढावा. जोड सुटणार असेल तर तो अंगणात सुटलेला बरा. त्यानंतर बॅटरी जोडून, मोकळ्या आतल्या रस्त्यावर, कमी वेगाने फेरी मारावी. जुन्या महामार्गावर वडगावच्या गर्दीत पहिली परीक्षा घेण्याचे कारण नाही. चार-आठ दिवस गाडी जवळपास चालवून नट पुन्हा तपासावेत, आणि तेव्हा काही हलत नसेल तरच लोणावळ्याकडे तोंड करावे.

काही गाड्यांच्या वाटेला जाऊच नये. स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांड्याखाली ब्रेकशी व किल्लीशी निगडित कुलुपे आणि विजेचे खटके असतात, तेथे नळी-बोल्टची मात्रा चालत नाही. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी, भाड्याची गाडी, हमीची मुदत शिल्लक असलेली गाडी, यांना नवा भागच घालावा. चार पैसे वाचविण्याची मुभा मालकाला स्वतःच्या जिवाबाबत असेल, परक्याच्या जिवाबाबत नाही. गिअरबॉक्समधून तेल गळत असेल किंवा त्यातून निघालेला आसच वाकला असेल, तरीही काम जाणत्या माणसाकडे द्यावे.

पाऊस-चिखल आणि बंद गाडीतला उन्हाळा यांनी प्लास्टिक व लोखंड दोन्ही झिजतात, तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, झालर उचलून आतला गंज व माती काढण्याची सवय ठेवली तर पुष्कळ टळते. वाटेत विसावा म्हणून मुठीवर हात ठेवून गाडी चालविण्याची लकब अनेकांना असते. त्या हाताचा अखंड भार आतल्या वाटीवर व बुशांवर पडत राहतो, तीही सोडावी.

आणि ज्यांच्या दारी उत्पादन बंद झालेली गाडी उभी आहे, त्यांनी आणखी एक काम सवडीने करून ठेवावे. पुण्यास जाणे झाल्यास नाना पेठेत किंवा बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात भंगारातून निघालेला पूर्ण दांडा, बैठकीसह, मिळतो काय ते विचारावे. चांगल्या स्थितीतला जुना संच हाती लागला तर तो कोणत्याही जोडकामापेक्षा सरस, आणि हे आम्ही वर इतका मजकूर लिहूनही निःसंकोच सांगतो. घेताना बुडाचा गोळा वाटीत डुलतो काय हे हलवून पाहावे, गाडीचे वर्ष व इंजिनाचा प्रकार सांगावा, आणि आपला मोडका दांडा बरोबर न्यावा. तो घरी दुरुस्त झाल्यावरही त्याचा उरलेला प्रत्येक तुकडा, फुटकी वाटी आणि झिजलेला बुशसुद्धा, एका डब्यात जपून ठेवा. दुकानदाराला आणि लेथवाल्याला तोंडी वर्णनाने जे समजत नाही ते नमुना पाहून तत्काळ समजते.